ठाणे ते गुहागर, किनाऱ्याकिनाऱ्याने : प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर २०२५, रविवार

वही आजपासून सुरू. आईला माहेरी न्यायचंय, गुहागरला, पण या वेळी हायवेने नाही, समुद्राच्या कडेकडेने. आत्तापर्यंत आमचं जाणं म्हणजे खोपटच्या एसटी स्टँडवरून रात्री बसायचं, पनवेल, महाड, चिपळूण करत सकाळी उतरायचं, आणि अख्ख्या प्रवासात समुद्र दिसतो तो शेवटच्या पाच मिनिटांत. आई ६८ वर्षांची आहे, कोकणातच जन्मली वाढली, आणि तिने दिवेआगर पाहिलेलं नाही, हरिहरेश्वर नाही, हर्णै नाही. मला हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, म्हणून हे मनावर घेतलंय.

माणसं चार. आई, मी, नवरा आणि चौथीतला मुलगा. गाडी आमचीच, ड्रायव्हिंग अर्धंअर्धं.

मॅप उघडून बघितला तर पहिलीच अडचण, किनाऱ्याने सरळ रस्ता लागतच नाही, दर थोड्या अंतरावर खाडी आडवी. राजपुरीची खाडी, मग सावित्रीची बाणकोट खाडी, मग दाभोळला वाशिष्ठी. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं नाव मी लहानपणापासून ऐकतेय, बॅरिस्टर अंतुले १९८० ते ८२ मुख्यमंत्री होते त्या काळातली कल्पना, पण मोठ्या खाड्यांवरचे पूल व्हायचेत. तोवर गाडी बोटीत घालायची आणि पलीकडे उतरायची. कोकणात या फेरीबोटीला जंगलजेटी म्हणतात, आई नुसतं जेटी म्हणते.

आणि मला वाटतं पूल व्हायच्या आधी एकदा आईला या तिन्ही खाड्या बोटीतून ओलांडून न्यायलाच पाहिजे. पूल झाला की सोय होईल, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही, तिथल्या लोकांना रात्रीअपरात्री पेशंट न्यायचा असतो. पण गाडी बंद करून, दार उघडून, पाण्याच्या मधोमध उभं राहणं मग नसेल.

१४ डिसेंबर, रविवार

रूट पक्का होत आला. ठाणे, ऐरोली, बेलापूर, पनवेल, पळस्पे, पेण, वडखळला उजवीकडे, अलिबाग. तिथून चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरुड, आगरदांडा. पहिली जेटी, दिघीला उतरायचं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला. दुसरी जेटी, वेश्वी. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळ. तिसरी जेटी, धोपावे. गुहागर. परत येताना मात्र चिपळूणवरून हायवेनेच.

नवऱ्याने विचारलं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रोरो का नको, २०२० पासून चालू आहे, गाडीसकट जाता येतं. विचार केला, पण ठाण्यातून आधी भाऊच्या धक्क्याला जायचं, तिथे वेळेआधी पोचून थांबायचं, मग तासभर बोट, मग मांडव्यावरून अलिबाग. आम्हाला पेणवरूनच बरं. दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांसाठी ती खरी सोय.

एकूण अंतर साडेपाचशेच्या आसपास, जाऊनयेऊन. चार दिवसांना हे काहीच नाही असं वाटतं, पण किनाऱ्याचा रस्ता अरुंद आहे, गावातून जातो, दोन्हीकडे वाड्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, समोरून एसटी आली की एकाने थांबायचं. तासाला तीस किलोमीटर धरूनच हिशेब केलाय.

१७ डिसेंबर, बुधवार

तारखा ठरल्या. १९ फेब्रुवारी शिवजयंती, गुरुवार, सुट्टी. शुक्रवारी रजा टाकायची. रविवार २२ ला परत. मुलाच्या शाळेचा एकच दिवस बुडतो.

रात्री मामाला फोन लावला, तर त्याने रूट नीट ऐकून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "तिथी कुठली पडत्येय?" मी म्हटलं मामा, सुट्टी बघितली, तिथी कशाला बघू. तर म्हणाला, "अगो, किनाऱ्याने येत्येस ना, मग घड्याळ नंतर, पंचांग आधी. हरेश्वरला प्रदक्षिणेला भरतीच्या वेळी पोचलीस तर कुठून जाशील? आणि हेदवीला ओहोटीत गेलीस तर काय बघशील, नुसते दगड?"

मग त्याने हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, तर तीनच्या सुमाराला समुद्र भरलेला. अष्टमीला सहा. अमावास्या, पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या सुमाराला. त्याच्या आधी सहा तास आणि नंतर सहा तास ओहोटी. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. मामा म्हणाला दक्षिणेकडे यावं तशी भरती मुंबईपेक्षा थोडी लवकर लागते, ते धरून आधीच पोचायचं.

मी टाइड टेबल उघडून काही तारखा ताडून बघितल्या, थोडं मागेपुढे पण हिशेब बसतो. मुलाला पण सांगितलं, चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो म्हणून भरती पण रोज तेवढीच उशिरा, तर त्याने लगेच पाढा म्हटल्यासारखं पंधरा तिथ्यांचं लिहून काढलं. ते पान या वहीला चिकटवलंय.

२८ डिसेंबर, रविवार

एक्सेल शीट नव्याने केली. आधी कॉलम होते ठिकाण, अंतर, वेळ, खर्च. आता ठिकाणाच्या शेजारीच तिथी, भरती, ओहोटी.

१९ ला फाल्गुन शुद्ध द्वितीया, भरती दीडला, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी साडेसातला. २० ला तृतीया, सव्वादोन, ओहोटी सकाळी सव्वाआठ. २१ ला चतुर्थी, भरती तीनला. २२ ला तर निघायचंच आहे.

आणि हे लिहितानाच लक्षात आलं की २१ ला शनिवारी विनायकी चतुर्थी आहे. हेदवीला दशभुज गणेश आहे, आणि तिथेच समुद्रात बामणघळ, खडकातली चिंचोळी चीर जिच्यात भरतीचं पाणी घुसून वर उसळतं. दर्शनही चतुर्थीचं आणि घळीला भरतीही चतुर्थीची, तीन वाजता. आईला सांगितलं तर ती काही बोललीच नाही, कॅलेंडर उतरवून बघत बसली.

पण अडचण हरिहरेश्वरची. मुक्काम दिवेआगरला धरला होता, छान होमस्टे आहे, बोलून पण झालेलं. सव्वाआठच्या ओहोटीला हरिहरेश्वर गाठायचं तर दिवेआगरवरून सहाला निघावं लागेल, आईसकट, आंघोळी उरकून. ते होणार नाही असं नाही, पण धावपळ होईल आणि धावतपळत प्रदक्षिणेच्या खडकावर मला कुणालाच न्यायचं नाही.

११ जानेवारी २०२६, रविवार

ट्रायल केली. ठाणे ते अलिबाग आणि परत, चौघंही. आईच्या गुडघ्यांना गाडीत सलग किती बसवतं, कुठे थांबावं लागतं, हे आधी कळायला हवं होतं. सव्वासहाला नौपाड्यातून निघालो, पेणला चहा, सव्वानऊला अलिबाग. दर तासाभराने पाच मिनिटं पाय मोकळे केले तर आईला काही त्रास नाही, नोंद केली.

आणि एक महत्त्वाचं शिकले. आज अष्टमी, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराला, हिशेब बरोबर, तर कुलाबा किल्ल्यात बाराला चालत जाऊ असं ठरवून आम्ही किनाऱ्यावर थांबलो. बारा वाजले, पाणी खाली गेलं, पण वाट काही मोकळी झाली नाही, मध्ये मांडीपर्यंत पाणी तसंच. शेजारी घोडागाडीवाले दादा उभे होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, भांग आहे ना आज." वेळ मी बरोबर काढली होती, खोली बघितलीच नव्हती. अमावास्या पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी चढतं पण जास्त आणि उतरतं पण जास्त, तेव्हा वाळू पार उघडी पडते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही. तर नुसती ओहोटीची वेळ बघून चालत नाही, तिथी उधाणाच्या जवळची आहे का तेही बघायचं.

घोडागाडीने गेलो. मोठी चाकं पाण्यात अर्धी बुडलेली, घोडा सवयीने चाललेला, आई पुढे बसली होती आणि तिने दोन्ही हातांनी दांडा धरला होता, पण चेहरा असा की मी फोन काढून फोटो घ्यायचा विसरले. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, मुलगा त्या विहिरीपाशीच रेंगाळला.

म्हणजे कुलाबा आजच झाला, फेब्रुवारीच्या प्लॅनमधून काढला. तसंही १९ ला ओहोटी सकाळी साडेसातला, त्यासाठी ठाण्यातून चारला निघावं लागलं असतं.

१८ जानेवारी, रविवार

मुक्काम बदलला. दिवेआगरच्या ताईंना फोन करून सांगितलं, वाईट वाटत होतं, पण त्यांनी कारण ऐकलं आणि म्हणाल्या, "प्रदक्षिणा करायची तर तिथेच राहा, आमच्याकडे जेवायला या." हरिहरेश्वरला चार जणांची एक रूम मिळाली, ३,००० रुपये. दुसरा मुक्काम हर्णैजवळ मुरुडला, तोही ३,०००. तिसरा मामाकडे.

ताईंशी बोलताना निसर्ग वादळाचा विषय निघाला. ३ जून २०२०. दिवेआगर श्रीवर्धनच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, नारळ, पोफळी सगळं. पोफळ लावली की फळ धरायला पाचसहा वर्षं लागतात, त्या म्हणाल्या वादळानंतर लावलेल्यांना आता कुठे शिपुटं, म्हणजे सुपारीचे घड, यायला लागल्यात. श्रीवर्धनची रोठा सुपारी आपण दुकानात बघतो, त्यामागे ही सहा वर्षं आहेत. जेवायचे पैसे आत्ताच पाठवते म्हटलं तर नको म्हणाल्या.

२६ जानेवारी, सोमवार

गाडीचं काम. सर्व्हिसिंग झालं होतं मागच्याच आठवड्यात आणि कागदावर सगळीकडे टिक होती, पण आज झेंडावंदन झाल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्टेपनी काढायला लावली, आणि ती जवळजवळ बसलेली. अंगठ्याने दाबली तर आत जात होती. व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक चीर, थुंकी लावली तर बुडबुडा यायचा. हे केळशीच्या चढावर रात्री कळलं असतं तर. व्हॉल्व्ह बदलून आणला. मग मुलाला घेऊन जॅक लावून एक चाक काढलं आणि परत बसवलं, नट आधी सैल करायचे आणि मग गाडी उचलायची, हे त्याने स्वतः केलं. कुणी किनाऱ्याने जाणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं, स्टेपनी स्वतःच्या हाताने दाबून बघा.

बाकी ठरलेलं असं. सीएनजीच्या भरवशावर राहायचं नाही, पेट्रोलची टाकी अलिबागला आणि दापोलीला फुल. मॅप ऑफलाइन डाउनलोड. कॅश ८,००० जवळ, जेटीवर आणि छोट्या खानावळीत नेट असेलच असं नाही. जेटीच्या ओल्या रॅम्पवर पहिल्या गियरमध्ये सावकाश, बोटीत हँडब्रेक आणि गियर दोन्ही.

आणि गाडी वाळूत न्यायची नाही. हे मी ठळक लिहिलंय. ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते, माणसं गाड्या घालतात, चाक रुततं, आणि मग भरती कुणासाठी थांबत नाही. शिवाय त्या वाळूत कासवांची अंडी असतात, ऑलिव्ह रिडले, वेळासला आंजर्ल्याला गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं राखलेली. तिथे गाडी फिरवणं चूक आहे, एवढंच.

८ फेब्रुवारी, रविवार

तिन्ही जेट्यांच्या वेळा फोनवर विचारून लिहिल्या, पहिली आणि शेवटची फेरी. पाहुण्यांची गर्दी असली की लाइन लागते असं तिन्हीकडे सांगितलं.

बजेट : राहणं ६,०००, पेट्रोल ४,५००, खाणं ८,०००, जेट्या १,५००, इतर २,०००. बावीस हजार.

वेळासला कासवांची पिल्लं दिसतील का, याची मुलाला फार आस आहे. त्याला सांगून ठेवलंय, पिल्लं ज्या दिवशी बाहेर येतात त्या दिवशी येतात, आपण फक्त जायचं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अमावास्या. आजपासून उधाण, म्हणजे आमच्या चारही दिवसांना पाणी चांगलं चढेल आणि चांगलं उतरेल. आईने मामासाठी तिळाचे लाडू केलेत, संक्रांत होऊन महिना झाला तरी. तिची बॅग रविवारपासून भरलेली आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. हरिहरेश्वर

रात्रीचे अकरा, थोडक्यात लिहिते. सकाळी साडेपाचला निघालो. पेणच्या पुढे बाइकवरून भगवे झेंडे घेऊन मुलंच मुलं. काशीदला इतकी गर्दी की उतरलोच नाही. कोर्लई पण सोडलं. मुरुडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग दिसला, शिवजयंतीच्या दिवशी, समुद्रात एकटा. जंजिऱ्याला लाइन बघूनच लोक परत फिरत होते. नवऱ्याने मुलाला सांगितलं की जंजिरा महाराजांना मिळाला नाही म्हणून त्याच्यासमोर हा बांधला, तर तो बराच वेळ दोन्ही किल्ल्यांकडे आळीपाळीने बघत होता.

आगरदांड्याला लाइनीत दोन तास गेले. प्लॅन होता की दिवेआगरवरून आरावी, कोंडिवलीच्या रस्त्याने सूर्यास्त बघायचा, तो रस्ता समुद्राला अगदी लागून आहे. ते राहिलं. पण सूर्य बुडाला तेव्हा आम्ही जेटीवर होतो, खाडीच्या मधोमध, लांब तोंडाशी जंजिऱ्याची काळी रेघ. आईने गाडीतून उतरून नमस्कार केला.

दिवेआगरला ताईंकडे उकडीचे मोदक. गणपतीचं दर्शन बाहेरूनच, उशीर झाला होता. मार्च २०१२ मध्ये तिथला सोन्याचा मुखवटा चोरीला गेला तेव्हा आईने दोन दिवस टीव्ही सोडला नव्हता, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तो परत बसवला, त्यामुळे आत जायची तिची इच्छा होती. परत यायचं, ठरलंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. मुरुड, दापोली

आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव, तिथली रीत तशी आहे. आई देवळात बसली. आम्ही तिघं साडेसातला पायऱ्या उतरलो. दोन उभ्या खडकांच्या मधून पायऱ्या खाली जातात आणि एकदम समोर समुद्र उघडतो. पाणी लांब गेलेलं, खडकाला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली, पायाखाली शेवाळ, ओल्या जागी पाय दाबून ठेवायचा. या खडकांवरून लाटेने माणसं ओढून नेलीत, तसा बोर्डच लावलाय. पाऊण तासात वर आलो. साडेआठनंतर पाणी वळायला लागलं होतं ते वरून दिसत होतं.

बागमांडल्याला जेटी लगेच. वेळासला पिल्लं नव्हती, आज एकही घरटं उघडलं नाही. मुलगा गप्प होता, मग जाळीजवळ उकिडवा बसून त्याने तिथल्या दादांना इतके प्रश्न विचारले की त्यांनी त्याला वहीतल्या घरट्यांच्या नोंदी दाखवल्या. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, उजव्या सोंडेचा. हर्णैला संध्याकाळी लिलाव, बोटीतून बैलगाडीने मासळी किनाऱ्यावर येते, बैल पोटापर्यंत पाण्यात. समोर सुवर्णदुर्ग.

२१ फेब्रुवारी, शनिवार. गुहागर

दाभोळच्या जेटीवर मी आईच्या शेजारी उभी होते. ही फेरीबोट २००३ पासून आहे. त्याआधी आई लहानपणी मावशीकडे दापोलीला जाताना इथूनच जायची, होडीने, ट्रंक मांडीवर घेऊन, पावसाळा असला की आजोबा जाऊच द्यायचे नाहीत. पलीकडचा किनारा जवळ आला तशी तिने एक जागा दाखवली, दोन माडांच्या खाली, "तिथे लागायची होडी. फळीवरून उतरायचं, बाबा हात धरायचे." माड तेच का तिला सांगता येईना. खाडी नाही ओलांडली तर खेड, चिपळूण फिरून यावं लागतं, आणि इथे मोजून दहाबारा मिनिटं. ती दहाबारा मिनिटं ती कठडा धरूनच उभी राहिली.

मामाकडे जेवलो, त्याला बरोबर घेतलं, दोनला हेदवी. दर्शन झालं, गर्दी होती, चतुर्थी. मग खाली उमामहेश्वरापाशी, खडकावरून घळीपर्यंत मामाच्या मागेमागे. आधी आवाज येतो. खाली खोल कुठेतरी कोंडल्यासारखा, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग पांढरं पाणी चिरेतून वर. फेब्रुवारीचा समुद्र शांत, त्यामुळे बहुतेक वेळा माणसाच्या उंचीएवढंच, पण दोन वेळा चांगलं वर गेलं आणि तुषार आईच्या चष्म्यावर आले. तिने तो पुसला नाही. मामाने घड्याळ दाखवलं. दोन चाळीस.

२२ फेब्रुवारी, रविवार

पाचला निघालो. चिपळूण, खेड, कशेडीचा बोगदा, माणगावला तासभर ट्रॅफिक. दीडला घरी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

गाडी खालून प्रेशरने धुवून घेतली, खारं पाणी आणि वाळू दोन्ही, सायलेन्सरच्या जोडापाशी मीठ साठलेलं दिसलं. स्टेपनी लागली नाही. एकूण ५६४ किलोमीटर. खर्च २३,४००, माशांवर जास्त गेला.

राहिलेलं : कोर्लई, दिवेआगरचं दर्शन, कोंडिवलीचा रस्ता दिवसाउजेडी, वेळासची पिल्लं. आणि गुहागरच्या पुढे तवसाळवरून जयगडला अजून एक जेटी आहे, पलीकडे मालगुंड, गणपतीपुळे. शीटमध्ये नवी ओळ टाकून ठेवली. तिथीचा कॉलम आईने पंचांग बघून भरते म्हणून सांगितलंय.